मातीतला स्फुरद मोजायला शिकताना

आधी मातीचा सामू (pH) बघा, मग स्फुरद काढायची पद्धत ठरवा. बारामती-इंदापूरकडच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीला ओल्सन, मावळातल्या आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत.

ओल्सनसाठी 42 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट विरघळवून एक लिटर करा, सामू सोडियम हायड्रॉक्साइडने नेमका 8.5 वर आणा. उघड्या हवेत हा सामू वर चढतो, म्हणून द्रावण ताजंच वापरा. चाळलेली माती 2.5 ग्रॅम, द्रावण 50 मिली, शेकरवर 30 मिनिटं. तापमानाकडे फार कमी जण बघतात, आणि घोळ तिथेच होतो: एप्रिलच्या उकाड्यात त्याच मातीतून डिसेंबरपेक्षा जास्त स्फुरद सुटतो. खोली 25 अंशांवर ठेवा.

गाळलेल्या अर्कात आम्ल थेंबथेंब घाला, फेस येतो. बुडबुडे पूर्ण गेल्याशिवाय क्युव्हेट (रंग मोजायची छोटी पारदर्शक नळी) भरू नका. मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने आलेला निळा रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 882 नॅनोमीटरला वाचा. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीची माहीत प्रमाणाची स्फुरद द्रावणं, तीसुद्धा त्याच बायकार्बोनेटमध्येच बनवा.

ब्लँकच (माती न घालता तसाच केलेला नमुना) निळा आला तर तो नुसता वजा करून पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा दोष फॉस्फेटवाल्या साबणाचा किंवा रंग काढायला घातलेल्या कोळशाचा असतो. काचसामान सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, मग डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्या.