वाचकांचे प्रश्न : धोबी पक्ष्याच्या चित्रात त्याचा प्रवास कसा दाखवावा?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेली तीन वर्षे जलरंगांत पक्षी रंगवते. दर वर्षी गणपतीच्या आगेमागे आमच्या गावच्या ओढ्यावर करडा धोबी येतो. त्याची चार चित्रे केली, परंतु प्रत्येक वेळी तो याच ओढ्यावर जन्मलेला, कधी कुठे न गेलेला पक्षी वाटतो. तो फार लांबून येतो, हे चित्रातून कसे सांगावे? मागे हिमालयाची रांग काढली तर चालेल का?
— एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : हिमालय काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धोबी आपल्याला दिसतो तेव्हा त्याच्या मागे शेवाळलेला काळा कातळ असतो, आणि एकदा का शिखरे काढली की बघणाऱ्याची नजर तिकडेच जाते. प्रवासाच्या खुणा पक्ष्याच्या अंगावरच असतात. त्या नीट उतरवल्या तर वेगळे काही सांगावे लागत नाही.

आधी अंतराविषयी. करड्या धोब्याची वीण हिमालयातल्या खळाळत्या ओढ्यांकाठी आणि त्याहीपलीकडे आशिया-युरोपच्या उत्तर भागात होते. आपल्या ओढ्यावरचा पक्षी नेमका कुठला, हे नुसते पाहून सांगता येत नाही. परंतु तो काश्मीर खोऱ्यातला जरी धरला, तरी तिथून साताऱ्यापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर सुमारे 1800 किलोमीटर भरते. या पक्ष्याचे वजन 18 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या चार चमचे साखरेएवढे.

आता खुणा पाहू. वीण आटोपल्यावर, दक्षिणेकडे निघण्यापूर्वी, प्रौढ धोबी जुनी पिसे टाकून नवी धारण करतो, त्यामुळे सप्टेंबरात आपल्याकडे उतरलेल्या पक्ष्याच्या काळपट पंखांवरच्या फिकट कडा कोऱ्या कापडाच्या किनारीसारख्या स्वच्छ दिसतात. हिवाळाभर दगडांवर आणि पाण्यात वावरून त्याच कडा झिजत जातात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या तयारीत अंगावरची काही पिसे पुन्हा बदलतात आणि नराच्या पांढुरक्या गळ्यावर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके उमटू लागतात. विणीच्या काळात तो गळा पूर्ण काळा होतो. माझे ऐकाल तर पाचवे चित्र मार्चमधल्या, अशा अर्धवट काळ्या गळ्याच्या नराचे करा. तो अजून आपल्या ओढ्यावर असतो, पण त्याची निघायची वेळ झालेली असते.

एक सावधगिरी मात्र हवी. लांब उडणाऱ्या पक्ष्याचे पंख टोकदार असतात, असे आपण वाचलेले असेल; स्थलांतर करणाऱ्या अनेक वटवट्या पक्ष्यांच्या मिटलेल्या पंखाचे टोक पुढे आलेले दिसतेही. धोब्याच्या बाबतीत मात्र पंखाच्या मुळाजवळची लांब पिसे मिटलेल्या पंखावर पांघरुणासारखी पसरतात आणि ते टोक जवळजवळ झाकून टाकतात. प्रवास दाखवण्याच्या हौसेने तिथे लांब टोक काढले, तर जाणकाराला ते लगेच खटकेल.

आपण सोबत पाठवलेल्या छायाचित्रांतील चारही चित्रांत शेपटी आखूड आणि पाय काळे झाले आहेत. या पक्ष्याची एकूण लांबी 18-19 सेंटीमीटर, आणि त्यातली जवळजवळ निम्मी शेपटीच असते. ती खालीवर हलत असल्याने डोळा फसतो, म्हणून पेन्सिलीने आधी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच रेघ ओढून ती मधोमध विभागावी. आपल्याकडच्या इतर बहुतेक धोब्यांचे पाय काळे असतात, याचे मात्र गुलाबीसर तपकिरी असतात, आणि ओळखण्याची ती पक्की खूण आहे. पाठीच्या करड्यासाठी ट्यूबमधला काळा रंग वापरू नये; अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाने जो जिवंत करडा मिळतो, तो त्यातून मिळत नाही. पिवळा सगळ्या पोटावर सारखा फिरवला की धोबी पोपटासारखा दिसू लागतो (हे माझ्या हातूनही झाले आहे). तो शेपटीच्या मुळाशी, खालून आणि वरून, सर्वांत गडद असतो आणि छातीकडे विरत जातो. भुवईच्या पांढऱ्या रेघेसाठी कागदच कोरा सोडावा.

प्रश्न : एवढ्याशा पक्ष्याने नेमका कुठून कुठे प्रवास केला, हे शास्त्रज्ञांना कसे कळते?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा

उत्तर : पूर्वी पायात क्रमांकाचे कडे घालून पक्षी सोडत आणि तोच पक्षी पुन्हा कुणाच्या हाती लागला तरच पत्ता लागे. आता दीड ग्रॅमहूनही हलके यंत्र पाठीवर बांधता येते. ते फक्त उजेड नोंदवते; परंतु दिवस किती मोठा होता यावरून अक्षांश आणि मध्यान्ह केव्हा झाली यावरून रेखांश काढता येतो. अट एवढीच, की तो पक्षी परत येऊन पुन्हा जाळ्यात सापडला पाहिजे, कारण नोंदी यंत्रातच राहतात. याच पद्धतीने 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की जेमतेम 25 ग्रॅमचा उत्तरेकडचा रणगोजा अलास्काहून आशिया ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो. एका बाजूचा हा प्रवास सुमारे 14,500 किलोमीटरचा असून जाताना त्याला तीन महिने लागतात आणि येताना दोन महिन्यांहूनही कमी.

साताऱ्याच्या बाईंना आणखी एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक चित्राच्या मागे ओढ्याचे नाव आणि त्या वर्षी धोबी पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहून ठेवावी. तीन वर्षांच्या तारखा आठवत असतील, तर त्या आजच लिहाव्यात.