गुहागरवाल्या मित्रासाठी: घड्याळ, अ‍ॅप आणि तिथीची पाऊणपट

अरे, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू गुहागरला घरून काम करतोस, दोन महिन्यांपासून धावायला लागलायस, तुझा फोन आणि मित्राचं घड्याळ एकाच धावण्याचं वेगवेगळं अंतर दाखवतात म्हणून वैतागलायस, आणि आता स्वतःचंच अ‍ॅप लिहायचं डोक्यात घेतलंयस. त्यासाठी अ‍ॅप बांधायच्या साधनांपैकी फ्लटर घेऊ की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, घड्याळ कुठलं घेऊ, आणि रोजची स्ट्रीक, म्हणजे खंड न पडता सलग किती दिवस धावलो तो आकडा, कशी दाखवू, असे तीन प्रश्न. मी रत्नागिरीत असते, नऊ वर्षं धावतेय, त्यातली सात स्वतःच्याच स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, नोंदी ठेवतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बस.

फ्लटर की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह? दोन्ही नको. मी हे करून बसलेय. पुण्याहून परत आले तेव्हा जोशात अ‍ॅप लिहायला घेतलं, लॉगिन, डार्क मोड, धावलं की गोल गोल भरत जाणारी रिंग, सगळं. तीन महिन्यांनी अ‍ॅप अर्धवट आणि त्या तीन महिन्यांत धावणं किती, तर अकरा वेळा. तो आकडाही त्या अर्धवट अ‍ॅपनेच दाखवला, म्हणजे एवढं एक काम त्याने चोख केलं. लॉगिन कुणासाठी करत होते देव जाणे, वापरणारी मी एकटी.

तुला लागते फक्त फाईल. घड्याळ कुठलंही घे, स्वस्तातलं घे, अट एकच, त्यातून जीपीएक्स नाहीतर फिट फाईल बाहेर काढता आली पाहिजे. काही स्वस्त बँडमध्ये हेच जमत नाही, डेटा त्यांच्या अ‍ॅपमध्येच अडकून राहतो, म्हणून घ्यायच्या आधी दुकानात नाही तर नेटवर एवढं बघ. जीपीएक्स म्हणजे साधं एक्सएमएल, प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं. फिट ही बायनरी, ती स्वतः फोडत बसू नकोस, पायथनमध्ये लायब्ररी आहेत. मी हौसेने स्वतः फोडायला गेले, आणि फिटमधली वेळ १९७० पासून नाही तर ३१ डिसेंबर १९८९ च्या मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत मोजतात हे मला माहीतच नव्हतं, त्यामुळे सगळ्या नोंदी वीस वर्षं मागे गेल्या. माझ्या डेटाबेसप्रमाणे मी शाळेत असताना रोज पहाटे पाच किलोमीटर धावत होते. आईला दाखवलं तर म्हणाली, तेव्हा तुला उठवायला मी धावत होते.

मूळ फाईल जशीच्या तशी एका फोल्डरात ठेव, तिला कधीही हात लावू नकोस, आणि त्यातून काढलेले आकडे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका टेबलात भर. सूत्र चुकलं की टेबल उडवायचं आणि सगळं परत मोजायचं. सूत्र चुकणारच आहे. माझी दोन चुकली ती सांगते, कारण दोन्ही आपल्याकडच्याच मातीतल्या आहेत.

पहिली. एप्रिल-मेमध्ये माझी स्ट्रीक अधूनमधून तुटायची आणि पावसाळ्यात कधीच नाही. महिनाभर शोधत होते. जीपीएक्समधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, आपण साडेपाच तास पुढे. उन्हाळ्यात उकाड्याला घाबरून मी सोमवारी पाच वाजून दहा मिनिटांनी घर सोडलं की यूटीसीत ते रविवारचे रात्रीचे अकरा-चाळीस, आणि मंगळवारी आळस करून सहाला निघाले की तो मात्र मंगळवारच, मग सोमवार रिकामा. पावसाळ्यात उजाडल्याशिवाय मी बाहेरच पडत नाही, सगळं साडेपाचनंतर, म्हणून बग गायब. तेव्हा तारीख काढायच्या आधी वेळ भारतीय करून घे.

दुसरी चूक जास्त गोड होती. दोन बिंदूंमधलं अंतर काढायला हॅवरसाइन सूत्र वापरतात, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरायची, चार ओळींचं काम. मी म्हटलं एवढ्याशा अंतराला कशाला ते साइन-कोसाइन, अंशाला १११ किलोमीटर धरून पायथागोरस लावला. भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, तपासलं तर बरोबर! मग कुवारबावकडे धावायला लागले आणि रोज नवा वैयक्तिक विक्रम. पावणेसातचा पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) एकदम साडेसहाच्या आत. मी खूश, घरात पेढे आणायचे बाकी होते. भानगड अशी की अक्षांशाचा अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर सरकलं की आखडत जातो, रत्नागिरी सतरा अंशावर, तिथे तो १०६ च्या आसपास भरतो. आपला किनारा दक्षिणोत्तर, त्यामुळे पुळणीवर धावलं की चूक दिसतच नाही, शहरातून पूर्वेला कुवारबावला गेलं की दहा किलोमीटरला साडेचारशे मीटर फुकट. तुझी पुळणही तशीच दक्षिणोत्तर, तू पण फसला असतास. पेढे राहिले ते राहिलेच.

आता तुझा फोन आणि घड्याळ. दोघंही थोडं थोडं खोटं बोलतात, प्रत्येकाची पद्धत वेगळी. जीपीएसचा बिंदू मोकळ्या आभाळाखालीसुद्धा तीन-पाच मीटर इकडे तिकडे पडतो, दर सेकंदाला बिंदू घेतला की रेघ दारू प्यायल्यासारखी नागमोडी होते आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असणार, कमी कधीच नाही. ओळखीचं कोणी भेटलं आणि तू थांबलास तरी बिंदू नाचतच राहतात, गप्पांचेही मीटर मोजले जातात. उलट दर पाच-दहा सेकंदांनी बिंदू घेतला तर वळणं कापली जातात आणि अंतर घटतं. तुझा फोन एक करतो, मित्राचं घड्याळ दुसरं, आणि पुळणीवर आभाळ मोकळं म्हणून फरक कमी, पण नारळी-पोफळीच्या वाडीतून किंवा जांभ्याच्या उंच गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) पाखाडीतून, पायऱ्यांच्या वाटेतून, गेलास की दोघांचीही वरात निघते. उपाय साधा: माणसाला अशक्य वेग दाखवणारे बिंदू टाकून दे, थांबलेला काळ वगळ, बाकीचे हलके सरासरीने गुळगुळीत कर. आणि मग सोडून दे. शंभर मीटरसाठी भांडत बसण्यापेक्षा एकच उपकरण कायम वापर, चूक तरी रोज तीच राहील.

उंचीचं तर विचारूच नकोस. पहिल्यांदा मोजलं तेव्हा सपाट पुळणीवर मी ऐंशी मीटर चढले होते. दर सेकंदाचं वर-खाली बेरजेत धरलं की असं होतं. सलग तीन-चार मीटर वर गेल्याशिवाय चढ धरायचाच नाही असा नियम टाक, पुळण सपाट होते आणि पावस गावाच्या वाटेवरचा चढ चढच राहतो. पाय तसंही सांगतातच.

आता माझ्या स्क्रिप्टमधला माझा सगळ्यात लाडका भाग, जो कुठल्याही विकतच्या अ‍ॅपने मला दिला नसता. मला रोज रात्री एकच प्रश्न असायचा, उद्या सकाळी पुळणीवर धावता येईल का? ओहोटी असली की ओली कडक वाळू मिळते, पाय रुतत नाही. भरती असली की उरते ती वरची भुसभुशीत वाळू, तिच्यात दोन किलोमीटर म्हणजे पोटऱ्यांची वाट. मी भरती-ओहोटीच्या वेळा देणाऱ्या सेवा शोधत होते, फुकटात किती, पैसे किती, असलं चाललं होतं, तर शेजारचे काका, आयुष्य होडीवर गेलेलं, म्हणाले, "अगो, तिथीची पाऊणपट कर की." म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. दिवसा तसंच रात्री, आणि मधे सहा तासांनी ओहोटी. झालं. एक गुणाकार.

मी ते कोडमध्ये घातलं आणि सवयीप्रमाणे कडेच्या केस तपासल्या. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा म्हणजे एक, पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. सूत्र दीड तासाची उडी मारतं आणि समुद्र मात्र रोज पन्नास मिनिटांच्या आसपासच पुढे सरकतो! मग पंचेचाळीसऐवजी अठ्ठेचाळीस मिनिटं धरली, पंधरा गुणिले अठ्ठेचाळीस बरोबर बारा तास, उडी गेली. मोठ्या कौतुकाने काकांना सांगितलं तर म्हणाले, तीन मिनिटांसाठी कोण थांबतंय, पाणी बघायचं आणि होडी लोटायची. तेही खरंच, तिथी काही बरोबर मध्यरात्री बदलत नाही, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतोच, मी माझ्या सात वर्षांच्या नोंदींशी ताडून थोडं वजा करते. धावण्यासाठी तेवढं पुरतं. पोहण्यासाठी किंवा होडीसाठी हे वापरू नकोस, त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची कोष्टकं असतात, आणि पावसाळ्यात मोठ्या लाटांचे इशारे इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था देते ते बघत जा.

तर सकाळी सहाला धावायचं असेल तर चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत पुळण तुझी, पौर्णिमा-अमावास्येला तर उधाणाची ओहोटी, पाणी पार लांब जातं, मैदान मिळतं. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, पाणी फार वर चढत नाही पण सहाला नेमकं भरतीचंच असतं, त्या दिवशी रस्ता धर. आणि पुळण समुद्राकडे उतरती असते, सारखं एकाच बाजूने धावलास की एक पाय कायम खाली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. गेलास त्याच वाटेने परत ये.

आता स्ट्रीक. ही मी तुला लिहू देणार नाही. माझी ९४ दिवसांची होती. सत्तरीच्या आसपास टाच दुखायला लागली, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की सुई टोचल्यासारखी, पण स्क्रीनवर तो आकडा होता ना, मीच लिहिलेला, मीच हिरवा रंग दिलेला. पावसात, वीज गेलेली, शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरत रात्री नऊला दीड किलोमीटर करून आले आहे मी, फक्त आकडा वाढावा म्हणून. वाटेत एका काकूंनी विचारलं, "काय गो, कोणाकडे काय झालं काय?" ९५ व्या दिवशी टाच टेकवेनाच. पुढे साडेचार महिने बंद. डॉक्टरनी काय केलं ते सांगत नाही, तुझं दुखणं वेगळं असेल, पण माझ्या डेटाबेसमध्ये ती टाच पंचवीस दिवस आधीपासून दिसत होती, पेस रोज थोडा थोडा पडत होता आणि मी तो आलेखच काढला नव्हता, कारण मला रिंग आवडायची.

बरी झाल्यावर ते टेबल उडवलं. आता स्क्रिप्ट आठवड्यात चार दिवस झाले की गप्प बसते, पाचवा-सहावा दिवस मोजतच नाही. आणि एक रकाना वाढवला, 'कुठे दुखतंय', त्यात मी हाताने लिहिते. कुठल्याही सेन्सरपेक्षा तो रकाना जास्त उपयोगाचा निघाला. मनगटावरच्या ठोक्यांच्या आकड्यावर तर लगेच भरवसा ठेवू नकोस, घाम आणि ढिला पट्टा असला की ते कधी कधी हृदयाऐवजी पावलंच मोजतं, आरामात धावताना सारखे १६५-१७० दिसले तर आधी पावलांचा आकडा बघ.

एक अजून, हवामान. पेसच्या शेजारी दवबिंदू साठव, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. ओपन-मेटिओ या हवामान सेवेकडून नोंदणीच्या किल्लीशिवाय फुकट मिळतो, नाहीतर अंदाजाने काढ, आर्द्रता शंभराला जेवढी कमी त्याचा पाचवा भाग तापमानातून वजा. मे महिन्यात पहाटे २७ अंश आणि आर्द्रता नव्वद असली की दवबिंदू २५, घाम वाळतच नाही, नुसता गळतो, अंग थंड होणार कसं. त्या दिवशी किलोमीटरला अर्धा मिनिट जास्त लागला तर तू बिघडलेला नाहीस. मी मेची तुलना फक्त मागच्या मेशी करते, जानेवारीशी नाही.

तर आता असं कर. अ‍ॅपचं फोल्डर उघडलं असशील तर बंद कर, या आठवड्यात चार वेळा धाव, चारही फाईल काढ आणि अंतर, वेळ, तारीख एवढंच छापणारी स्क्रिप्ट लिही, पन्नास-साठ ओळींत होते. अडलास तर त्यातल्या एका फाईलचे दहा-बारा बिंदू इथे टाक, बघू. फक्त सुरुवातीचे टाकू नकोस, मधले टाक, सुरुवातीचे बिंदू म्हणजे तुझ्या घराचा पत्ता असतो. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या अ‍ॅपच्या हीटमॅपवरून, म्हणजे लोक कुठे धावले ते दाखवणाऱ्या नकाशावरून, लष्करी तळांमधले रस्तेसुद्धा लोकांना दिसले होते, तुझं घर शोधायला किती वेळ लागणार. आणि टाच दुखत असेल तर ते पण लिही, तुझ्या प्रश्नात 'पाय जरा ओढतो' असं एक वाक्य ओझरतं होतं, ते मला फ्रेमवर्कपेक्षा महत्त्वाचं वाटलं.