छाती लहान, म्हणून दूध कमी?

खानापूरकडच्या ताईंनी विचारलंय : सातवा महिना लागलाय, छाती बारीक आहे, बाळाला दूध पुरणार नाही असं सासूबाई म्हणतात. जावेनं मालिशचं तेल आणून दिलंय, लावू का?

ताई, तेल राहू दे. छातीचा लहानमोठेपणा बराचसा चरबीवर असतो आणि अंगकाठीसारखाच तो आईवडिलांकडून येतो. दूध करतात त्या ग्रंथी, आणि त्या बारीक छातीतही पुरेशा असतात. सासूबाईंना एवढंच विचारा, म्हैस घेताना नुसती मोठी कास बघून पैसे मोजता का? मांसाळ कास धार काढल्यावरही तेवढीच दिसते, दूध मात्र बेताचं!

मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. दूध कमी पडतंय म्हणून रडणाऱ्या बायकांचं बहुतेक वेळा पाजायचंच चुकत असायचं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड द्यायचं नाही. भोवतालचा काळा भागही बराचसा आत जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसायला हवा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. पहिल्या तासाभरातच पाजायला घ्या, आणि पिवळा चीक पिळून टाका असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा-सात वेळा शू होतेय, वजन वाढतंय, म्हणजे पोट भरतंय. गरोदरपणात छातीत काहीच फरक जाणवला नसेल किंवा तिथं आधी ऑपरेशन झालं असेल, तर तेवढं डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

तेलाचं म्हणाल तर, वक्षाची घडण सुधारते असं सांगून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे. तरी बाटल्या खपतातच, काय करणार! व्यायामानं खालचे स्नायू घट्ट होतात, स्तन वाढत नाहीत. अंगावर पाजल्यानं ते ओघळतात हेही खरं नाही. वय, वजन आणि गरोदरपणं यांचा तो परिणाम.

एक बाजू थोडी मोठी असणं अगदी नेहमीचं. पण एकाच बाजूचा आकार अचानक बदलला, गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

आणि हो, खडेबाजारात ब्रा घेताना लाजून हाताला येईल ती उचलू नका. नंबर छातीखालच्या घेराचा, अक्षर कपाचं. बाळंतपणानंतर माप नव्यानं घ्या.