कळलावीच्या सहा ‘पाकळ्या’

देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पावसाळ्यात मुलांना रानफुलं दाखवायला नेणाऱ्या एका वाचकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. कळलावीच्या फुलाला ‘सहा पाकळ्या’ म्हटल्यावर सोबतच्या शिक्षिका म्हणाल्या, ‘पाकळ्या नव्हे, परिदलं म्हणा’; मग पाकळ्या म्हणणं चूक का? निदल आणि संदल हे एकच की वेगळे? आणि परिदल, छद असले शब्द मुलांना जड जातात, त्यांच्या जागी बोलीतले काही शब्द आहेत का?

बोलताना पाकळ्या म्हणणं मुळीच चूक नाही. पण फूल ओळखायचं असेल, वहीत नोंद करायची असेल, तर शिक्षिकांचं म्हणणं धरावं. मराठीत ‘पाकळी’ हा शब्द कधीच फुलाच्या एका ठरावीक भागापुरता बांधलेला नव्हता. लसणाचीही पाकळीच असते, आणि ती तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने जाड झालेला कोंब आहे, फुलाशी तिचा काही संबंध नाही. ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे असतो तो फुलाचा नाजूक, रंगीत, सुटा होणारा भाग. तो आतला की बाहेरचा, हे कुणी पाहत नाही. शास्त्र नेमकं तेवढंच पाहतं. तिथे नाव ठरतं ते भागाच्या जागेवरून, रंगावरून ठरत नाही.

फुलाचे भाग देठाच्या टोकावर फेऱ्या-फेऱ्यांनी बसलेले असतात. सगळ्यांत बाहेर निदलपुंज (त्यातला प्रत्येक भाग म्हणजे निदल), त्याच्या आत दलपुंज, मग पुंकेसरांचा पुमंग आणि मध्यभागी जायांग, म्हणजे अंडाशय, त्यावरची कुक्षीवृंताची दांडी आणि टोकाची कुक्षी. शास्त्रातली पाकळी म्हणजे दलपुंजातलं एक दल. बाहेरच्या दोन्ही फेऱ्या सारख्याच दिसत असल्या, हिरवी कोणती आणि रंगीत कोणती हे वेगळं काढता येत नसलं, की दोन्हींना मिळून परिदलपुंज म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक भागाला परिदल.

आता हे सड्यावर उभं राहून ओळखायचं कसं? उमललेलं फूल बाजूला ठेवा आणि त्याच वेलीवरची कळी शोधा. जास्वंदीच्या कळीवर हिरवं आवरण असतं, ते उघडून आतून लाल दलं बाहेर येतात. कळलावीची कळी हिरवट असते खरी, पण तिच्यावर वेगळं आवरण काहीच नसतं. कळीची जी बाहेरची अंगं दिसतात तीच पुढे वर वळतात, कडांना नागमोडी होतात, आधी पिवळी आणि मग लालभडक होतात. तीन बाहेरची, तीन आतली, सहाही जवळजवळ सारखी. म्हणून ती परिदलं. त्यांच्याखाली सहा पुंकेसर आडवे पसरलेले असतात आणि कुक्षीवृंत मुळाशीच काटकोनात एका बाजूला वळलेला असतो. हा वळलेला कुक्षीवृंत मुलांना आवर्जून दाखवा. कळलावीची ती अशी खूण आहे की एकदा पाहिली की विसरत नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली या वेलीचं शास्त्रीय नाव छापलं तेव्हा तिला सहा पुंकेसरांच्या वर्गात बसवलं होतं. त्याची वर्गवारीच पुंकेसर मोजण्यावर उभी होती. ती पुढे मागे पडली, पण मोजण्याची सवय मात्र रानात आजही कामाला येते. (कळलावीचे सगळे भाग विषारी आहेत, कंद तर फारच. पाहायची ती डोळ्यांनी.)

तीन-तीनचा हिशेब दिसला की एकबीजपत्री, म्हणजे बियांत एकच बीजपत्र असलेल्या, वनस्पतीची शक्यता मोठी. पावसाच्या सुरुवातीला कोकणातल्या जांभ्यावर उगवणारी पांढरी दीपकाडी त्यातलीच. तिचीही सहा परिदलं, फक्त खाली एकमेकांना जुळून नळी झालेली. पण नुसतं ‘सहा’ मोजून थांबलात तर रस्त्याकडेचा पिवळा धोतरा तुम्हाला फसवील. त्यालाही बहुधा सहाच पिवळ्या पाकळ्या. मात्र त्याची कळी पाहिली तर तिच्यावर टोकाला शिंगं असलेली निदलं असतात, बहुतेक तीन. फूल उमलताना ती गळून पडतात, म्हणून उमललेल्या फुलात ती सापडत नाहीत. तेव्हा धोतऱ्याच्या सहा त्या खऱ्या पाकळ्या. शिवाय आत पुंकेसर मोजता येणार नाहीत इतके. कळलावी आणि धोतरा, दोघांनाही आपण सहज ‘सहा पाकळ्यांचं फूल’ म्हणतो आणि त्या दोन वनस्पतींचं एकमेकींशी लांबचंही नातं नाही. ‘परिदल’ या शब्दाने जे काम होतं ते हे.

या बाबतीत मला सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं ते तेरड्याबद्दल, कारण कोकणात गौरीच्या निमित्ताने तो घरोघर येतो आणि तरी त्याचं फूल नीट उलगडून पाहणारे थोडेच. तेरड्याच्या फुलामागे जी बारीक, वाकडी शेपटी असते तिला शास्त्रात शुंडिका म्हणतात. मध तिच्या टोकात साठतो. ही शेपटी पाकळीची आहे असंच वाटतं, कारण तिचा रंग पाकळीचा. प्रत्यक्षात ती निदलाची आहे. तेरड्याला तीन निदलं दिसतात: दोन बाजूंना इवलीशी, आणि तिसरं होडीसारखं पोकळ, रंगीत, त्याचीच ही शेपटी. पाकळ्या पाच, पण मोजायला गेलात तर तीनच सापडतात. एक वरची सुटी आणि बाजूच्या चार दोन-दोन करून जुळलेल्या. हातात एक फूल घेऊन हे भाग पानावर ओळीने मांडले की मुलांना ‘रंगावरून नाव नाही, जागेवरून नाव’ हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यासाठी लागवडीचा भरगच्च, दुहेरी पाकळ्यांचा तेरडा घेऊ नका. बांधावरचा रानातला घ्या.

निदलानेच पाकळीचं सोंग घेतल्याचं आणखी ठळक उदाहरण म्हणजे भूतकेस. रानाच्या कडेला हिरव्या झुडपावर पांढरी पानं लटकल्यासारखी दिसतात ती. त्याचं खरं फूल लहान, नळीचं, पिवळट-नारिंगी. घोसातल्या काही फुलांचं पाचांपैकी एकच निदल वाढून पानाएवढं पांढरंफेक होतं. त्याला पाकळी म्हटलंत तर फुलाला ‘एकच पाकळी’ अशी नोंद होईल आणि ती घेऊन कुठल्याही पुस्तकात भूतकेस सापडायचा नाही.

रानहळदीत तर निदलही नाही. तिच्या तुऱ्याच्या शेंड्याला जो गुलाबी झुबका असतो ती छदं. छद म्हणजे फुलाच्या किंवा फुलोऱ्याच्या बुडाशी असणारं पान. खरी फुलं खालच्या छदांच्या खोबणीत दडलेली, पिवळी. आणि त्या पिवळ्या फुलाचा जो रुंद, पुढे आलेला ओठ आपण पाकळी समजतो, तो वांझ पुंकेसरांचा झालेला असतो. पेव हे त्याच गोतातलं: लाल छदांच्या कणसातून पांढरं, चुण्या पडलेलं फूल वर येतं आणि त्यातला पांढरा घेर पुंकेसरांचाच. अंगणातली कर्दळही तशीच. तिच्या झगमगीत ‘पाकळ्या’ वांझ पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या त्यांच्याखाली अरुंद, फिक्या, कुणी न पाहिलेल्या. म्हणजे पाकळीचं काम फुलाच्या कोणत्याही फेरीने, फुलाबाहेरच्या पानानेही करून टाकलेलं आहे.

एकदांडीसारख्या फुलांत तर मुळात ‘किती पाकळ्या’ हा प्रश्नच वेगळा विचारावा लागतो. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते अनेक बारीक फुलांचं स्तबक असतं. कडेची पांढरट, टोकाला तीन दात असलेली प्रत्येक ‘पाकळी’ हे एक स्वतंत्र फूल, त्याला किरण-पुष्पक म्हणतात. मधल्या पिवळ्या चकतीतली बिंब-पुष्पकं. झेंडू, सूर्यफूल, सोनकी यांच्यातही पुष्पकांचंच स्तबक असतं. इथे ‘कडेला पाच किरण-पुष्पकं’ असं लिहावं. सड्यावरचे पांढरे गेंद हेही फुलांचे गोळेच, पण त्यांचं कुळ निराळं, एकबीजपत्री.

दुसरा प्रश्न निदल-संदलाचा. अर्थ एकच. मराठीत फुलाच्या भागांना दोन परिभाषा शेजारी-शेजारी नांदतात आणि गोंधळ त्यातून होतो. शाळेच्या पुस्तकांत निदल, दल, पुंकेसर, स्त्रीकेसर, अंडाशय, कुक्षी हे शब्द. तर मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदींत संदल, प्रदल, केसरदल, किंजदल, किंजपुट, किंजल्क. संदल म्हणजे निदल, प्रदल म्हणजे पाकळी, किंजपुट म्हणजे अंडाशय. एक घेतली की तीच शेवटपर्यंत वापरावी. अर्धं वाक्य एकीचं, अर्धं दुसरीचं असं करू नये. विश्वकोशातली शब्दमाळ एका सुतात ओवलेली आहे, मला ती वाचायला फार आवडते. पण मुलांसोबत असाल तर शाळेतलीच वापरा. त्यांना ती परीक्षेतही लिहायची असते, आणि ‘संदल’ म्हटलं की कोकणातल्या पुष्कळांना आधी उरुसातला संदल आठवतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला मनापासून द्यावंसं वाटतं, कारण फुलाच्या सुट्या भागांना बोलीने फारशी नावं दिली नसली तरी फुलं ज्या रीतीने लगडतात त्या रीतींना मोठ्या नेमकेपणाने दिली आहेत. आंब्याचा मोहोर, तुळशीची मंजिरी, भाताचं कणीस, माडाची पोय, केळीचं केळफूल. यातला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. तुळशीला मोहोर आला असं कुणी म्हणत नाही. माडाचा फुलोरा ज्या जाड आवरणात बंद असतो त्याला शास्त्र महाछद म्हणतं. मुलांना ‘पोयीचं वरचं आवरण’ म्हटलं की पुरे, वाडीतल्या पोरांनी ते पाहिलेलंच असतं. केळफुलाची भाजी करताना जी जांभळट-लाल टोपणं सोलून टाकतो ती छदं, आणि त्यांच्याखाली ओळीने बसलेली ती फुलं. सुरणाचा, सापकांद्याचा महाछद त्यानंतर दाखवलात तर परका वाटणार नाही. परिदलाला मात्र बोलीत नेमका शब्द मला माहीत नाही. तिथे ‘पाकळीसारखी सहा’ म्हणावं, आणि मोठ्या मुलांना ‘परिदल’ हाच शब्द शिकवावा. तो काही फार अवघड नाही.

पाकळ्यांच्या मांडणीला मात्र शास्त्राने नावं देतानाही चित्रासारखे शब्द निवडले आहेत, ते मुलांना लगेच आवडतात. कवळ्याचं पिवळं फूल पतंगरूप, म्हणजे फुलपाखरासारखं: एक मोठा ध्वज, दोन पंख आणि दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. गोकर्णही पतंगरूपच, पण त्याचं फूल उलटं टांगलेलं असल्यामुळे ध्वज खाली येतो. याउलट टाकळा. दोन्ही पावसाळी भाज्या, दोन्हींची फुलं पिवळी, दोन्ही शेंगांच्या गोतातल्या, पण टाकळ्याच्या पाच पाकळ्या सुट्या, पसरलेल्या, त्यात ध्वज-पंख असं काही नाही. फरक कळीतच दिसतो. कवळ्याच्या कळीत सगळ्यांत वरची पाकळी बाहेरून बाकीच्यांना झाकते, टाकळ्याच्या कळीत तीच सगळ्यांत आत असते.

आणि वाळूवर गेलात तर मर्यादवेल पाहा. तिच्या जांभळ्या नरसाळ्याला पाकळी सापडतच नाही, कारण पाचही एकमेकींना पूर्ण जुळलेल्या असतात. पाच हा आकडा बाहेरची निदलं आणि आतले कमीजास्त उंचीचे पुंकेसर मोजून मिळतो, आणि नरसाळ्याच्या आतून पाहिलं तर पाच पट्ट्यांची चांदणीही दिसते. वहीत ‘एक पाकळी’ लिहू नका, ‘पाकळ्या नाहीत’ असंही नको. ‘पाच पाकळ्या, जुळलेल्या’ लिहा.