लाकडी प्रशिक्षण विमान नवशिक्यांच्या हाताखाली टिकायचं कसं?

तुम्ही विचारलंय की शिकाऊ वैमानिक रोज आपटत उतरवतात ते विमान लाकडाचं करणं शहाणपणाचं होतं का, आणि ते बांधत कसे. माझ्या मते पूर्ण शहाणपणाचं होतं. लाकडी ग्लायडरच्या दुरुस्तीत मी बरीच वर्षं काढली आहेत, पण तुमच्या प्रश्नाला नेमकं बसणारं उदाहरण इंग्लंडच्या माइल्स मॅजिस्टर या प्रशिक्षण विमानाचं आहे. टायगर मॉथ या दुपंखी प्रशिक्षण विमानालाही लोक लाकडी म्हणतात, पण त्याच्या धडाचा सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा असतो. मॅजिस्टर मात्र अंगभर लाकडी.

रेडिंगजवळच्या वुडलीत एफ. जी. माइल्स यांनी ते आखलं आणि १९३७ साली ते उडालं. हरिकेन, स्पिटफायर ही एकपंखी लढाऊ विमानं तेव्हा येऊ घातली होती आणि मुलं अजून दुपंखी विमानांवर शिकत होती. म्हणून मॅजिस्टरला खालच्या बाजूला एकच पंख दिला, फ्लॅपही (उतरताना वेग कमी ठेवायला पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या झडपा) दिले. आतला सांगाडा स्प्रूस या हलक्या, सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा, वरून प्लायवूड, पुढे १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन, एकामागे एक दोन उघड्या बैठका. अशी बाराशेच्या वर विमानं बांधली गेली.

अशा विमानाचा जीव पंखातल्या मुख्य तुळईत, म्हणजे स्पारमध्ये असतो. वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना पातळ प्लायवूड अशी ती पोकळ पेटी असते. खांद्यावरची कावड आठवा, फक्त उलटी: हवा पंखांची टोकं वर उचलते, त्यामुळे वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. स्प्रूस ताण जितका सोसतं त्याच्या जेमतेम निम्माच दाब सोसतं. म्हणून वरची पट्टी खालचीपेक्षा जाड ठेवतात. बाजूच्या प्लायवूडच्या रेषा ४५ अंशांत तिरक्या लावल्या की पेटी पिळाला आणि कातरीला, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवू पाहणाऱ्या जोराला, जास्त ताठ राहते. हे गणित मला आजही फार देखणं वाटतं.

लाकूड निवडण्यात अर्धं काम असतं. रेषा सरळ हव्यात. पंधरा इंचांत एक इंचाहून जास्त तिरकी गेलेली फळी बाजूला टाकायची. गाठ नको, राळेची पोकळी नको, ओलावा साधारण ८ ते १२ टक्के. लांब पट्टी जोडायची तर दोन्ही टोकं जाडीच्या बारापट लांबीत उतरती तासून एकमेकांवर चिकटवतात. असा जोड नीट झाला असेल तर मोडताना बहुधा शेजारचं लाकूड मोडतं, जोड शाबूत राहतो.

आता आपटण्याचं. क्षणभराचा जादा भार लाकूड चांगला सोसतं, आणि वारंवारच्या हेलकाव्यांनी ते धातूइतकं लवकर थकत नाही. शिवाय फाटलेलं प्लायवूड कापून, कडा तासून नवा तुकडा बसवणं कुशल सुताराला जमतं. पण जोरात आपटल्यावर स्पारच्या पट्ट्यांत केसाएवढ्या आडव्या चिरा पडू शकतात. त्या रंगाखाली दिसत नाहीत, म्हणून तिथे भिंग घेऊन बसावंच लागतं.

मॅजिस्टरचा सुरुवातीचा मोठा दोष लाकडाचा नव्हता, आकाराचा होता. स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली कोसळण्यात, शिरल्यावर विमान बाहेर यायला अवघड जाई आणि त्यात अपघात झाले. मग धडाचा मागचा भाग उंच केला, शेपटीपुढे पट्ट्या बसवल्या आणि रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, मोठं केलं.

लाकडी विमानाचा खरा शत्रू पाणी. त्या काळी सर्रास वापरला जाणारा केसीनचा सरस दुधापासून बनायचा. ओल धरली की त्यावर बुरशी चढते आणि सांधा आतून सुटतो. अमेरिकेत फेअरचाइल्ड पीटी-१९ या प्रशिक्षण विमानाचे प्लायवूडचे पंख टेक्सास आणि फ्लोरिडाच्या ऊनपावसात असेच खराब झाले. पुढे कृत्रिम राळेचे गोंद आले तेव्हा सरसाची काळजी बरीच मिटली, पाण्याची नाही.

कुठे जुनं लाकडी विमान पाहायला मिळालं तर वाकून पंखाच्या पोटाकडची बारीक भोकं बघा. आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून ती ठेवलेली असतात. रंगाने किंवा मातीने बुजलेली दिसली तर विमानाच्या मालकाला आधी पंखावरच्या तपासणीच्या झाकण्या उघडून तिथले सांधे तपासायला सांगा, उड्डाणाचं नंतर.