धार्मिक संस्थांनी शाश्वत विकासाच्या कामात आणि त्यासाठीच्या अॅडव्होकसीत (धोरणं बदलायला दबाव आणण्याच्या कामात) पडावं का? की शेवटी सगळा धर्मप्रसारच असतो?

पडावं. तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण हेच वाक्य आमचे नाना (माझे चुलते) गेली पंचवीसेक वर्षं दर दिवाळीला ऐकवतात.

माहेर संगमनेर तालुक्यातल्या पठार भागातलं. पाऊस बेताचा, पडला तो मुरमावरून वाहून खाली जायचा, फेब्रुवारीत टँकर सुरू आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला. नव्वदच्या दशकात आमच्याकडे इंडो-जर्मन पाणलोट आलं, म्हणजे डोंगरउतारावर पडणारं पाणी अडवून जमिनीत जिरवायचा कार्यक्रम. यामागे फादर हर्मन बाखर होते, स्वित्झर्लंडचे जेझुईट (कॅथलिक संघाचे धर्मगुरू), 1948 ला भारतात आले आणि आयुष्य नगर जिल्ह्यात काढलं. पैसा जर्मन सरकारचा, तो नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेमार्फत यायचा, गावात राबायची एखादी स्थानिक संस्था आणि ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती. 1993 ला बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटर (WOTR) ही पाणलोटाची संस्था काढली, आमच्याच तालुक्यातल्या दरेवाडीचं वगैरे काम तिचंच. म्हणजे युनोची शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं 2015 ला आली त्याच्या कितीतरी आधी भागीदारी काय असते ते आमच्या पठारावर लोकांनी बघितलं होतं.

पण फुकट काहीच नव्हतं. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी पाळायची आणि चराईबंदी पाळायची. इथेच सगळं पेटलं. नाना म्हणाले, हे बाटवायला आलेत, आज शेळ्या सोडा म्हणतायत उद्या तुळशीची माळ सोडा म्हणतील. दोन ग्रामसभा नुसत्या भांडणात गेल्या. शेवटी गाडं हललं ते सप्ताहात. काल्याच्या कीर्तनाला जे बुवा होते ते स्वतः शेतकरी, त्यांना कुणीतरी आधी सांगून ठेवलं असणार, त्यांनी चालू कीर्तनात विचारलं की पाणी अडवायला आलेल्या माणसाची जात-धर्म विचारता, मग टँकरच्या ड्रायव्हरची कधी विचारली होती का? मंडपात हशा झाला, नाना उठून गेले, आणि पुढच्या ग्रामसभेत मारुतीसमोर ठराव झाला. ख्रिस्ती माणसांचं काम, जर्मन पैसा आणि वारकऱ्यांचा सप्ताह. बर्लिनमध्ये 2016 ला धर्म आणि शाश्वत विकास यावर आंतरराष्ट्रीय भागीदारी स्थापन झाली, चांगलंच आहे, पण ठराव हॉलमध्ये होत नाहीत हो, मंडपात होतात.

आता खरं दुखणं. आईच्या शेळ्या होत्या. जमीन आमच्या वाट्याला वरच्या अंगाची, खडकाळ, वडील गेलेले, त्यामुळे घर शेळ्यांवर चालायचं. चराईबंदी झाली, बांधून घालायला वैरण कुठून आणणार, सगळ्या बाजारात विकल्या आणि आई समतल चर (उतारावर पाणी अडवायला खोदतात ते आडवे चर) खोदायला रोजाने जायला लागली, वर श्रमदानही केलं. माथा ते पायथा काम झालं, चर, दगडी बांध, नाला बांध, तीन-चार पावसाळ्यात विहिरींना पाणी आलं. विहीर कुणाची? नानांची, ओढ्याकाठची. कांदा झाला, मग डाळिंब, मग ट्रॅक्टर. आणि बांधावर उभं राहून म्हणणार, फादरच्या नादाला लागून गावाने धर्म सोडला असता, मी होतो म्हणून वाचलं. आमच्या गावात एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. एकही नाही. सप्ताह अजून होतो, उलट पंगत मोठी झालीय.

म्हणून माझं म्हणणं, कुठल्या देवाचा माणूस आलाय यावर वेळ घालवू नका, शेळ्या कुणाच्या जातायत आणि पाणी कुणाच्या विहिरीला येतंय ते विचारा, आणि ठरावाच्या आधी विचारा. गायरानावर जगणारे, धनगर, भूमिहीन, एकट्या बाया, यांना समितीत नुसतं नावाला घेतात.

तुम्ही अॅडव्होकसीचंही विचारलंय. तिथे धर्मसंस्था जास्तच उपयोगी पडतात असं माझं मत, कारण त्यांच्याकडे माणसं असतात. ज्युबिली 2000 बघा, गरीब देशांचं कर्ज माफ करा ही मोहीम, बायबलच्या जुन्या करारातल्या, पन्नासाव्या वर्षी कर्जापायी गेलेली जमीन आणि माणसं सोडायच्या कल्पनेवरून नाव घेतलेलं. 1998 ला बर्मिंगहॅमला जी-8 ची, म्हणजे आठ बड्या देशांची, बैठक होती तेव्हा साधारण 70,000 लोकांनी मानवी साखळी केली, त्यात चर्चची माणसं ढिगाने, आणि पुढच्या वर्षी कोलोनला कर्जमाफी वाढवून मिळाली. आपल्याकडे एवढी दिंड्यांची ताकद आहे, ती पाण्याच्या हिशेबासाठी कुणी वापरली तर बघा काय होतं. इकडेही बाखरांच्या कामावरूनच पुढे 1999-2000 ला नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला, 200 कोटींचा, निम्मे केंद्राचे निम्मे नाबार्डचे. आणखी हवं असेल तर त्यावर वाचा.

हां, आणि सगळ्या संस्था अशा असतात असं मी म्हणत नाही. प्रार्थनेला या तरच धान्य देतो म्हणणारेही असतात, आपल्याही धर्मात असतात, त्यांना गावात घेऊ नका. संस्था निघून गेल्यावर काय हेही आधीच ठरवा. आमच्याकडे चराईबंदी काटेकोर पाळली पण बोअरबंदी कुणाला सुचली नाही, खाली खाली जात पाणी उपसलं आणि 2012 च्या दुष्काळात टँकर परत आला. पहिलं बोअर कुणी घेतलं हे सांगायला नको, ते हे वाचतात.