सिव्हिल करून लाटांच्या गणितात जाता येतं का?

तू लिहिलंस की सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, कोडिंग आवडतं, काँक्रीटचा कंटाळा येतो, आणि लाटांच्या संगणकीय अभ्यासात आयुष्यभराचं काम मिळतं का हे हवंय.

मिळतं. लाटांचे अभ्यासक फिलिप लिऊ यांचंच बघ. १९६८ ला तैवानमधून पदवी, १९७४ ला एमआयटीची डॉक्टरेट, त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या सिव्हिल विभागात रुजू. चाळीसेक वर्षं तिथे काढून पुढे सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत गेले. बायोडेटा एवढा पुरे. त्यांनी प्रश्न कसे निवडले ते जास्त शिकण्यासारखं आहे.

१२ डिसेंबर १९९२ ला इंडोनेशियात फ्लोरेसजवळ मोठा भूकंप झाला. तिथलं बाबी हे जवळजवळ गोल, छोटंसं बेट. त्सुनामी उत्तरेकडून आली आणि उद्ध्वस्त झाली ती दक्षिणेची गावं! आडोशाला बसलेल्यांनाच पाण्यानं गाठलं. अमेरिकेत व्हिक्सबर्गला ३० मीटर बाय २५ मीटरच्या टाकीत तळाशी ७.२ मीटर व्यासाचं शंकूसारखं बेट बांधून लाटा सोडल्या, तेव्हा उलगडा झाला. लाट दोन्ही अंगांनी बेटाला वळसा घालते आणि पाठीमागे तिचे दोन्ही हात एकमेकांवर आदळतात. लिऊ आणि सहकाऱ्यांनी हेच उथळ पाण्याच्या समीकरणांनी सोडवून १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. यातली खरी डोकेदुखी म्हणजे किनारा. संगणकात समुद्र चौकोनांच्या जाळीत (ग्रिड) मांडतात आणि वेळ छोट्या टप्प्यांनी (टाइम स्टेप) पुढे नेतात. कोणता चौकोन ओला, कोणता कोरडा, हे प्रत्येक टाइम स्टेपला बदलतं. त्या टाकीतल्या नोंदींवर आजही नवे कोड तपासले जातात.

समुद्र ओलांडणाऱ्या त्सुनामीसाठी त्यांच्या गटाचं कॉमकॉट हे सॉफ्टवेअर, तेही उथळ पाण्याच्या समीकरणांवरच. ती समीकरणं पाणी वरपासून तळापर्यंत एकाच वेगानं सरकतं असं धरतात, त्यामुळे आखूड लाटांना ती पुरत नाहीत. मग वेग खोलीनुसार बदलतो हे धरणारी बूसिनेस्क पद्धत आणि पॅट्रिक लिनेट या त्यांच्या विद्यार्थ्याबरोबरचं कुलवेव्ह हे सॉफ्टवेअर. पण त्यातही लाट खऱ्या अर्थानं फुटत नाही, कारण एका जागी पाण्याचा एकच पृष्ठभाग गृहीत असतो. फुटणाऱ्या लाटेसाठी पेंगझी लिन यांच्याबरोबर १९९८ मध्ये थेट नेव्हिए-स्टोक्सकडे, म्हणजे द्रवाच्या हालचालीच्या मूळ समीकरणांकडे वळले. प्रत्येक समीकरण काहीतरी सोडून देतं. काय सोडलंय हे ज्याला माहीत नाही त्याचं रंगीत ॲनिमेशन बघायला छान, बंदर बांधायला नाही.

आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, जानेवारी २००५ मध्ये, हाच माणूस पाहणी पथक घेऊन श्रीलंकेच्या किनाऱ्यावर उतरला होता. भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा मोजायच्या, लाट कुठवर आली ते शोधायचं. मॉडेलवाल्यानं टेप घेऊन चिखलात उतरावं, हे आपल्याकडे कमीपणाचं वाटतं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

कोडिंगबद्दल माझी एक फजिती. पहिल्या प्रोजेक्टला ग्रिड २ किलोमीटरची, खोली ४००० मीटर, आणि मी स्टेप ठेवली एक मिनिटाची. एवढ्या खोलीत लाट सेकंदाला १९८ मीटर पळते, म्हणजे एक चौकोन दहा सेकंदांत पार. स्टेप त्याहून लहान हवी, नाहीतर गणित फुगत जातं. थोड्याच स्टेप्समध्ये स्क्रीनवर हिंदी महासागर हिमालयाच्या वर गेला. दोन दिवस मी कोडमधली चूक शोधत होतो! कोड बरोबर होता, मीच भौतिकशास्त्र विसरलो होतो.

तेव्हा कॉम्प्युटर सायन्सला गेलो नाही म्हणून हळहळू नकोस. तुझा फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर जास्त कामाचा आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून आहे. बंदरांची भौतिक मॉडेल्स तिथे होतात. कॉलेजमार्फत भेट ठरते का विचार. आणि या सुट्टीत एका मितीतला छोटा कोड लिही. उतारावर एक लाट चढव, उतरव, आणि एकूण पाणी जेवढं होतं तेवढंच राहतं का ते मोज. बहुतेक राहणार नाही. तेव्हा कोड इथे टाक, बघू कुठे गळतंय.